माझे अकरा, हिराचे चौतीस

चारकोप

आमच्या सोसायटीतली कोणी दुबईला जाऊन आली की महिनाभर लिफ्टमध्ये तेच ऐकावं लागतं. उंट असा होता, वाळू तशी होती. मी आपली खाली बघत तिसरा मजला येण्याची वाट बघायची, कारण माझ्याकडे सांगण्यासारखा प्रवासच नव्हता. यंदा झाला. चारकोपहून घाटकोपर, घाटकोपरहून अंधेरी, पुन्हा घाटकोपर, मग मार्वेच्या जेट्टीवरून मनोरी आणि शेवटी बोरिवलीचा मासळी बाजार. पासपोर्ट लागला नाही, पण कागद मात्र दुबईवालीपेक्षा जास्त लागले, हे मी तिला लिफ्टमध्ये सांगून टाकलंय.

तर झालं असं की माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. आमच्या वाशिमकडे या रोगाचं नाव घेत नाहीत, ‘ते’ म्हणतात. मीही डॉक्टरणीला सांगितलं, मला बहुतेक ‘ते’ झालंय. ती घाटकोपरची पोरगी, माझ्या सुनेच्या वयाची. तिने शांतपणे विचारलं, ते म्हणजे काय काय असू शकतं, मला यादी द्या. तिथेच माझं नाव न घेणं संपलं.

ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या खाटेवर हिरा होती. मनोरीची कोळीण, बोरिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसते, आवाज असा की सलाइनची बाटली हलावी. आमचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं, सकाळी माझं, दुपारी तिचं. माझा डावा काढला, तिचा उजवा. शुद्धीवर आल्यावर तिने पडदा बाजूला करून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “दोघींची मिळून एक जोडी शाबूत हाय गो.” टाके असताना हसू नये हे मला त्या दिवशी कळलं.

वय दोघींचं चौसष्ट. गाठ दोघींची सुपारीएवढी. काखेतल्या गाठी दोघींच्या साफ. दोघींचा कर्करोग एकाच जातीचा, हार्मोनवर पोसणारा. नातेवाईक नसतील इतक्या आम्ही सारख्या. डॉक्टरणीने आम्हाला एकत्रच बसवून समजावलं. म्हणाली, काढलेल्या गाठीची एक तपासणी असते. गाठीच्या आत कोणती जनुकं जागी आहेत आणि किती जोर करतायत ते बघतात आणि एक आकडा काढतात. आकडा कमी आला तर रोजची गोळी पुरे, केमोने तुम्हाला फारसं काही मिळणार नाही, उगाच त्रास. आकडा जास्त आला तर केमो घ्यायची, कारण तो रोग परत येण्याचा धोका मोठा असतो आणि केमो तो कमी करते.

मी मान हलवली. हिराने हिशेब मांडला. तिचं म्हणणं, सगळं सारखं आहे तर दोन तपासण्या कशाला, सुमनची करा, जे येईल ते मला पण लावा. पाटीतला वरचा बोंबील बघितला की गिऱ्हाईक पाटी घेतं. डॉक्टरीण तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या पुस्तकात बोंबील नसणार. म्हणून मीच विचारलं की बाई, पापलेट विकतेस तेव्हा गिऱ्हाईक एकाचा कल्ला बघून चार घेतं का? हिरा म्हणाली की नाही, पापलेटाचा प्रत्येक कल्ला उघडून बघतात मेले. ठरलं, आम्ही दोघी पापलेट.

घाटकोपर ते अंधेरी

गाठ ऑपरेशनच्या वेळीच मेणाच्या वडीत बसवून हॉस्पिटलात जपून ठेवतात. ती वडी तिथून घ्यायची आणि अंधेरीच्या लॅबमध्ये नेऊन द्यायची, हे काम घरच्या माणसाचं. माझी सून प्रज्ञा शाळेत शिकवते, तिच्या परीक्षा चालू. हिराची सकाळ बाजारात जाते. तेव्हा मीच म्हटलं, दोन्ही वड्या मी नेते. हिराने सहीचं पत्र दिलं. ऑपरेशन होऊन महिना झाला होता, हात खांद्याच्या वर जात नव्हता, पण डबा धरायला पुरे होता.

डहाणूकरवाडीहून मेट्रो, डी. एन. नगरला बदलून घाटकोपर. हॉस्पिटलच्या खिडकीतल्या माणसाने दोन कागदी पाकिटं दिली, वर आमची नावं निळ्या शाईने. आत प्लास्टिकच्या इवल्याशा चौकटी, त्यात मेण. तो म्हणाला, मेण आहे, उन्हात ठेवू नका. एप्रिलचं ऊन, आणि मला फक्त एकच शब्द ऐकू आला, मेण. मेण वितळलं तर माझी गाठ आणि हिराची गाठ एकत्र वाहून डब्यात तळाला बसेल, असं मला दिसायलाच लागलं. मी घरून मोठा डबा नेला होता, त्यात ओला नॅपकिन. कोथिंबीर गुंडाळतो तशी दोन्ही पाकिटं गुंडाळली आणि झाकण लावलं. स्वतःवर खूश होते.

मेट्रोच्या तपासणीत डबा यंत्रातून गेला आणि थांबवला. गणवेशातल्या बाईने विचारलं आत काय. मी म्हटलं, गाठ आहे. कसली गाठ? माझी. आणि दुसरी? ती मैत्रिणीची. तिने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे सरकली. मग मी ब्लाउजच्या चपट्या बाजूकडे बोट केलं आणि सगळी कथा पहिल्यापासून सांगितली. रांग मागे लांबत गेली. एक गुजराती काका घड्याळ बघत होते, तेही ऐकायला थांबले. बाई शेवटी हळूच म्हणाली, तुम्हाला कळलं कसं हो? मी तिला सांगितलं की आंघोळीला साबण लावताना बोट अडलं. ती म्हणाली, सुट्टीच्या दिवशी मी पण बघून घेईन. काकांनी घाईघाईने आपली बॅग उचलली.

गाडीत मला जागा मिळाली. डबा मांडीवर. शेजारची मुलगी तिचा डबा उघडून पोहे खात होती, तिने मला खुणेने विचारलं, तुम्ही नाही खात? मी म्हटलं, नको गं, हे दुसऱ्यांसाठी आहे.

अंधेरीला लॅबच्या काउंटरवर झाकण उघडलं आणि माझी वाट लागली. कागदी पाकिटांचा लगदा झाला होता. नावांची निळी शाई वाहून नॅपकिनला डाग पडलेला, ‘सुमन’ आणि ‘हिरा’ एकमेकींत मिसळलेल्या. काउंटरवरच्या मुलीने हातमोजे घातले, प्लास्टिकच्या चौकटी बाहेर काढल्या, त्यांच्यावर छापलेले नंबर वाचले, हॉस्पिटलच्या कागदाशी ताडून बघितले आणि म्हणाली, जमतंय, बरोबर आहेत. मेण तसंच ठणठणीत. एवढ्या उन्हात ते वितळत नसतं म्हणे. वर म्हणाली, काकी, पुढच्या वेळी ओलं फडकं नको. मी तिला सांगितलं की बाळा, ‘पुढच्या वेळी’ हे शब्द तू वापरू नकोस.

निकाल

दोन-अडीच आठवड्यांनी निकाल आले. माझा प्रज्ञाने मोबाइलवर वाचला. अकरा, म्हणाली. शंभरपैकी? शंभरपैकी. मी खुर्चीत बसले. सातवीत शाळा सुटली तेव्हासुद्धा गणितात मला अकरापेक्षा जास्त होते. मी पदराने डोळे पुसायला लागले तेव्हा ती ओरडली की आई, इथे कमी म्हणजे चांगलं, तुम्हाला केमो नाही, फक्त गोळी. मग आम्ही दोघी रडलो, पण ते निराळं.

तेवढ्यात हिराचा फोन. बाजारातूनच, मागे आरडाओरडा. तिचा निकाल गिऱ्हाइकाने वाचून दिला होता. चौतीस. तिने माझा विचारला. मी अकरा सांगितल्यावर ती इतकी हसली की फोनच्या त्या बाजूला कुणीतरी विचारलं काय झालं. एका मार्काने पास व्हायचं राहिलं, पण सुमनच्या तिप्पट मिळवले, असं ती अख्ख्या बाजाराला सांगत होती. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं.

मी फोन हातात धरून उभी. प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुम्ही सांगता की मी सांगू? मीच सांगितलं की चौतीस म्हणजे केमो. पलीकडचा आरडाओरडा चालूच होता, फक्त हिराचा आवाज त्यातून गेला.

पुन्हा घाटकोपर

आता मला सारखं तेच दिसायला लागलं. तो लगदा, ती वाहिलेली शाई. डबा मीच नेला, ओलं फडकं मीच घातलं. बदललं असेल तर? चौतीस माझेच असतील तर? आणि खरं सांगते, तसंच असावं असं मला वाटत होतं, कारण नाहीतर मी सुटले आणि हिरा अडकली, एवढंच उरत होतं. मी हिराला तसं सांगितलं. तिला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरणीच्या खोलीत, केस मांडायला.

डॉक्टरणीने सगळं ऐकलं, नॅपकिनसकट. मग दोन्ही वड्यांचे नंबर काढले, लॅबकडून आलेले नंबर काढले, आमच्या गाठींचे पहिले अहवाल काढले आणि तिन्ही समोर ठेवले. म्हणाली, नाव पुसलं तरी नंबर पुसत नाही, हा सुमनताईंचा, तो हिराताईंचा. हिराने पुन्हा पापलेटाचा मुद्दा काढला, की बाहेरून तर दोन्ही सारखे होते. डॉक्टरणीने आता त्याचा अभ्यास केलेला दिसला. ती म्हणाली, म्हणून तर कल्ला उघडला. सुमनताईंची गाठ आळशी निघाली, तुमची चपळ. तुम्ही चपळ बाई आहात म्हणून नाही, गाठच तशी. चार वेळा केमो, तीन-तीन आठवड्यांनी. आणि पुढच्या पंधरा दिवसांत सुरू करायची, त्याहून लांबवायची नाही.

बाहेर आल्यावर हिराने मला खाऊगल्लीत नेलं. आमच्याकडे डोसा म्हणजे डोसा. घाटकोपरला त्यात चीज, शेवया, मक्याचे दाणे आणि वर पुन्हा चीज घालून त्याच्या नळ्या उभ्या करतात, मंदिराच्या खांबासारख्या. हिराने दोन मागवले, दोन्ही एकटीने खाल्ले, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रिक्षात बसताना एवढंच म्हणाली की येते. त्यानंतर तिने माझा फोन उचलणं बंद केलं. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस.

मनोरी

सहाव्या दिवशी मी निघाले. मला खात्री होती की अडलंय केसांवर. हिराचे केस पाठीवर रुळतात, अंबाड्यात रोज एक पिवळं फूल असतं. तेव्हा प्रज्ञाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातला केसांचा एक टोप मी पिशवीत घेतला. कुठल्याशा राणीचा होता, कमरेपर्यंत. प्रज्ञा म्हणाली, आई, हा नेऊ नका. मी नेला.

मार्वेहून मनोरीची बोट म्हणजे पाच-दहा मिनिटांचं काम, माणसं, मोटारसायकली, एक बकरी आणि मी. खाडीच्या मध्यावर मी टोप ठीक आहे ना बघायला पिशवी उघडली. वाऱ्याने तो असा उचलला की जणू राणीच उडी मारून गेली. पाण्यावर काळे केस पसरलेले बघून एक बाई ओरडली, बाई पडली. इंजिन बंद झालं. बोटवाल्याने लांब बांबूने टोप ओढून आणला आणि माझ्या हातात देताना विचारलं, बाकीची बाई कुठेय?

हिराच्या अंगणात बोंबील वाळत घातले होते, दोरीवर तोंडात तोंड अडकवून, कपड्यांसारखे. आमच्या गावी आजारी माणसाच्या घरी गेलं की आधी पाणी, मग बराच वेळ शांतता. इथे मी फाटकातून आत येताच शेजारच्या तीन घरांतून आवाज आले की ही कोण, कोणाकडे, आणि हातात हे काय मेलेलं. हिराचा कुत्रा टोपावर भुंकायला लागला. हिरा बाहेर आली, तिने टोप बघितला, मला बघितलं, आणि ओट्यावरच बसून पोट धरून हसली.

जेवायला तांदळाच्या भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं. माझी भाकरी ज्वारीची, थापून हाताएवढी जाड, बरोबर ठेचा. हिची पांढरी, मऊ, रुमालासारखी. तिसरी भाकरी खाल्ल्यावर मी भाषण सुरू केलं. केस परत येतात, आमच्या बुद्धविहारातल्या एका बाईचे तर कुरळे होऊन आले, रुमाल बांध, टोप धुऊन घे. ती ऐकत माशाचा काटा काढत होती. मग म्हणाली, “केस येतील गो. जागा नाय येत.”

मला कळेना. तिने सांगितलं तेव्हा कळलं. बोरिवलीच्या बाजारात तिची बसायची जागा तिच्या सासूची, त्याआधी सासूच्या सासूची. कागद काही नाही. तिथे माणूस बसलेला दिसतो म्हणून ती जागा तिची. ऑपरेशनसाठी महिनाभर गेली तर परत आल्यावर शेजारणीची पाटी दोन वीत आत सरकलेली होती. आता तीन महिने केमो, प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस अंथरूण. तोवर तिथे दुसरी कोणी पाय पसरून बसलेली असेल. सून मालाडला बँकेत, ती बसणार नाही. जावेशी बोलणं नाही. म्हणून केमोच नको. गोळी घेईन, म्हणाली, तुझ्यासारखी.

मी म्हटलं, तुझ्या आकड्याला नुसती गोळी पुरत नाही, तू ऐकलंस. ती म्हणाली ऐकलं. मी म्हटलं, रोग परत आला तर जागेवर कोण बसेल? तिने काटे ताटाच्या कडेला सारले. कुत्रा टोप घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेला होता. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही, म्हणून तोंडातून निघून गेलं, “मी बसते.”

हिराने माझ्याकडे बघितलं, पुरुषमाणूस नवं इंजिन बघतो तसं. म्हणाली, “तुना हलवा नि सरंगा येगला वळखता येतो काय?” मी म्हटलं, येतो. खरं म्हणजे हे दोन्ही मासे आहेत, मिठाया नाहीत, एवढंच मला माहीत होतं. तिने पातेल्यातून अजून एक तुकडा माझ्या ताटात घातला आणि सांगितलं की शनिवारपासून शिकवते.

बोरिवली

पुढचे तीन महिने असे. हिरा घाटकोपरला आरामखुर्चीत हाताला सुई लावून, आणि मी बोरिवलीला तिच्या पाटावर, नाकाला रुमाल लावायची सोय नाही. मासळी पहाटे तिचा नवरा आणून ठेवायचा, कापून द्यायची शेजारीण, ती दोन वीतवाली. आधी तिने मला पाहून नाक मुरडलं. मी तिला ठेच्याची बाटली दिली, त्यानंतर बरी कापायची.

पहिल्या दिवशी मी ओरडलेच नाही. आमच्यात विकताना ओरडत नाहीत, माझ्या आईने आयुष्यभर बाजारात मान खाली घालून भाजी विकली. पंधरा मिनिटं सगळे माझ्यासमोरून निघून गेले. मग पदरात ठेवलेला फोन वाजला. हिरा. तिने विचारलं, आवाज का येत नाही? मी म्हटलं, मला येत नाही ओरडायला. तिने सांगितलं स्पीकर लाव आणि पाटीवर ठेव. आणि घाटकोपरच्या त्या थंडगार खोलीतून, जिथे बाकीच्या बायका डोळे मिटून पडलेल्या असतात, हिराने बोरिवलीत बांगडा विकायला सुरुवात केली. मागून नर्सचा आवाज येत होता की हळू, हळू. गिऱ्हाइकं थांबली. एकीने फोनकडे वाकून भाव पाडायचा प्रयत्न केला, तर फोनने तिला नावानिशी ओळखून गेल्या दिवाळीतलं काहीतरी सुनावलं. दुसऱ्या केमोला नर्सनेच फोन घेऊन मला सांगितलं की वॉर्डात तिघींना सुरमई हवी आहे, संध्याकाळी कोणाबरोबर तरी पाठवा.

सगळं हसण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या सुईनंतर चार दिवस तिचा फोन आला नाही. मी नुसती बसून राहिले. त्या चार दिवसांत मला ओरडता आलं. कसं आलं ते माहीत नाही, पण आलं. गिऱ्हाईक विचारायचं, ती कुठेय, आणि मी रोगाचं नाव घेऊन मोठ्याने सांगायचे, कर्करोगाची केमो चालू आहे, येणार आहे, पापलेट घ्या. जागा एका वितीनेही हलली नाही.

चौथी झाल्यावर तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, मी हलवा सुरमई म्हणून विकता विकता वाचले होते, तेवढ्यात एक बाई समोर वाकली. डोक्याला हिरवा रुमाल, रुमालाला टाचणीने पिवळं फूल लावलेलं. तिने बांगडा उचलला, कल्ला उघडला, वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की हा कालचा आहे. मी भांडायला तोंड उघडलं आणि बघते तर हिरा. बारीक झाली होती. भुवया नव्हत्या, काजळाने काढलेल्या, एक वर एक खाली.

मी काही बोलायच्या आत तिने हाताने उठायची खूण केली. मी उठले. गुडघे आखडले होते, शेजारणीने हात दिला. हिरा पाटावर बसली, पाय पसरले, कोयता पुढ्यात ओढला. एक गिऱ्हाईक सवयीने माझ्याकडेच वळलं आणि विचारलं, मावशी, सरंगा कसा दिला?

“तिला काय इचारतंस,” हिरा म्हणाली. “ती बदलीवर व्हती. मी आलंय.”